वेस्टलँड व्हर्लविंड ‘आयएल-२’मध्ये आणताना: कागदावरच्या आकड्यांपासून पहिल्या बॉम्बफेकीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर, मेसरश्मिट आणि मस्टँग यांची गर्दी असते. वेस्टलँड व्हर्लविंड फारसे कुणाला आठवत नाही. इंग्लंडमधल्या योव्हिल इथल्या कारखान्यात तयार झालेले हे एका वैमानिकाचे, दोन इंजिनांचे विमान ११ ऑक्टोबर १९३८ रोजी हॅरल्ड पेनरोज यांनी पहिल्यांदा उडवले. नाकात २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा, सगळीकडे नजर जाईल असा बुडबुड्यासारखा कॉकपिट आणि अरुंद, देखणी काया. तरीही ही विमाने सव्वाशेसुद्धा बनली नाहीत. रॉयल एअर फोर्सच्या २६३ आणि १३७ या दोनच स्क्वॉड्रनांनी ती युद्धात वापरली. १९४२ पासून पंखांखाली बॉम्ब लावून ती फायटर-बॉम्बर झाली आणि १९४३ च्या डिसेंबरात निवृत्त झाली. आज त्यातले एकही शिल्लक नाही. ज्याला हे विमान उडताना पाहायचे आहे त्याच्यासाठी सिम्युलेटर ही जवळपास एकमेव जागा उरली आहे, म्हणून ते तिथे नीट यायला हवे असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल. व्हर्लविंडचे रचनाकार डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनीच पुढे कॅनबेरा आणि नॅट ही विमाने आखली. कॅनबेरा भारतीय हवाई दलात २००७ पर्यंत होते. नॅटची निर्मिती हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने केली आणि त्यावरूनच अजित घडवले. ‘लहान काया, मोठी ताकद’ हा पेटरांचा ध्यास व्हर्लविंडमध्येही दिसतो.

या लेखासाठी मी ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक: १९४६’ हा सिम्युलेटर धरला आहे. तो जुना आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतो आणि त्यात नवे विमान घालण्याची वाट अनेकांनी चालून पक्की केली आहे. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये फायलींची नावे बदलतील, पण कामाचा क्रम जवळपास हाच राहील.

माझे म्हणणे आधीच सांगतो. अनोळखी विमान जिवंत होते ते त्याच्या अडचणींमुळे. कमाल वेग आणि चार तोफा कुणीही फाईलमध्ये लिहील. व्हर्लविंडची ओळख आहे ती सहा सेकंदांत संपणारा दारूगोळा, उंचीवर दम सोडणारी इंजिने आणि एका बाजूचे पेट्रोल दुसऱ्या बाजूला न जाणे यात. या गोष्टी उतरल्या नाहीत, तर तुम्ही फक्त एक नवी स्किन, म्हणजे विमानाचे बाहेरचे रंगकाम, तयार केली असे होईल.

आधी कागद गोळा करा

थ्री-डी सॉफ्टवेअर उघडण्याआधी विमानाची वही तयार करा. त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहा. वैमानिकांसाठी छापलेल्या ‘पायलट्स नोट्स’, बॉस्कोम्ब डाउन या ब्रिटिश चाचणी-तळावरच्या चाचण्यांचे अहवाल, स्क्वॉड्रनांच्या कामकाजाच्या नोंदी आणि उत्पादकाची रेखाचित्रे हा विश्वासाचा क्रम. चाचण्यांचे अहवाल आणि स्क्वॉड्रनांच्या नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असतात. ब्रिटनमध्ये व्हर्लविंड फायटर प्रोजेक्ट नावाचा गट या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारण्याच्या कामाला लागला आहे. आतल्या सांगाड्याचे तपशील पाहायला अशा गटांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात. प्लॅस्टिक मॉडेलच्या डब्यातली रेखाचित्रे मात्र शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. त्यांतल्या काही चुका वर्षानुवर्षे एकातून दुसऱ्यात उतरत आल्या आहेत.

व्हर्लविंडसाठी वहीत हे आकडे हवेत: पंखांचा विस्तार १३.७२ मीटर, लांबी ९.८३ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ २५० चौरस फूट म्हणजे सुमारे २३.२ चौरस मीटर. रिकामे वजन ८,३१० पाउंड (३,७६९ किलो), नेहमीचे उड्डाण-वजन १०,३५६ पाउंड (४,६९७ किलो), कमाल ११,४४५ पाउंड (५,१९१ किलो). १५,००० फुटांवर कमाल वेग ताशी ३६० मैल, म्हणजे ५७९ किलोमीटर. रोल्स-रॉइस पेरेग्रीनची दोन इंजिने, प्रत्येकी सुमारे ८८५ अश्वशक्तीची. तीन पात्यांचे, १० फूट व्यासाचे डी हॅविलँड पंखे.

आता वजनांचा ताळा करा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहते. पेट्रोल १३४ इंपीरियल गॅलन, म्हणजे ६०९ लिटर. लिटरला ०.७२ किलो धरले तर सुमारे ४३९ किलो. वैमानिक पॅराशूटसह ९० किलो. तोफेचे २४० गोळे सुमारे ६२ किलो. रिकाम्या वजनात हे मिळवले की ४,३६० होतात, उड्डाण-वजनापेक्षा ३३७ किलो कमी. ही तूट म्हणजे तेल, रेडिओ, चिलखत आणि तोफांसारखे सामान. ‘रिकामे’ या शब्दात काय धरले आहे ते प्रत्येक अहवालात वेगळे असते, म्हणून तूट कशाची आहे ते वहीत नोंदवा. दुसरा ताळा बॉम्बांचा. ५०० पाउंडी दोन बॉम्ब ४५४ किलोचे. उड्डाण-वजनात ते मिळवले की ५,१५१ किलो होतात आणि कमाल वजनापर्यंत ४० किलो उरतात, बॉम्बच्या रॅकसाठी पुरेसे. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे असे एकमेकांत बसले की पुढचे काम निर्धास्त करता येते.

फ्लाइट मॉडेल: हाताने हिशेब करा

इथे घाई करू नका. ‘आयएल-२’मध्ये प्रत्येक विमानाची एक एफएमडी फाईल असते. ती साध्या मजकुराची असून तिचे विभाग ठरलेले असतात: वजने, क्षेत्रफळे, नियंत्रणे, इंजिन, वेगमर्यादा आणि शेवटी ‘पोलार्स’. पोलार्समध्ये विमान उचल आणि अवरोध कसा निर्माण करते ते लिहिलेले असते. खेळ रशियात तयार झाला असल्याने तिथे उचलीच्या गुणांकाला ‘सीवाय’ आणि अवरोधाच्या गुणांकाला ‘सीएक्स’ म्हटले आहे, हे लक्षात ठेवा.

सुरुवात अवरोधापासून. १५,००० फुटांवर हवेची घनता घनमीटरला ०.७७१ किलो. वेग सेकंदाला १६०.९ मीटर. दोन्ही इंजिनांची मिळून शक्ती १,३२० किलोवॅट. पंख्यांची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १,०५६ किलोवॅट कामाला येतात. त्याला वेगाने भागले की सुमारे ६,५६० न्यूटन ओढ मिळते. कमाल वेगाला ओढ आणि अवरोध सारखे असतात. घनतेचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग गुणिले पंखांचे क्षेत्रफळ हे सुमारे २,३१,५०० येते. ६,५६० ला त्याने भागले की एकूण अवरोध-गुणांक ०.०२८३ मिळतो.

यातला एक वाटा उचल निर्माण करण्याची किंमत असतो. विमानाचे वजन ४६,०७८ न्यूटन, त्यामुळे या वेगाला उचलीचा गुणांक ०.२ च्या आसपास. पंखाचे लांबी-रुंदी गुणोत्तर ८.१ आहे, त्यामुळे हा वाटा फक्त ०.००१९ निघतो. उरला सुमारे ०.०२६४. पोलार्समधल्या ‘सीएक्स-मिन’ला सुरुवात याच आकड्याने करा. त्या उंचीवर इंजिन नेमके किती शक्ती देत होते आणि पंख्याची खरी कार्यक्षमता किती होती, यावर तो थोडा वरखाली होईल. पण आता तो कुणाच्या तरी फाईलमधून उचललेला आकडा राहिला नाही, आणि चाचणीत वेग चुकला तर कुठे हात घालायचा ते तुम्हाला कळेल.

उचलीचा उतार याच गुणोत्तरावरून काढता येतो. ८.१ साठी तो अंशाला ०.०८८ येतो. फाईलमध्ये अवरोधाची वाढ हल्ला-कोनाच्या (पंख आणि समोरून येणारी हवा यांतल्या कोनाच्या) वर्गावर मोजलेली असते, म्हणून तिचा गुणांक ०.०००३८ च्या जवळ ठेवून सुरुवात करा.

पुढे स्टॉल, म्हणजे वेग कमी होऊन उचल तुटणे. फ्लॅप वर असताना उचलीचा कमाल गुणांक १.४ धरला तर समुद्रसपाटीला नेहमीच्या वजनात विमान ताशी १७३ किलोमीटरला पडते. फ्लॅप उघडून २.१ धरला तर १४१ ला. हे अंदाज पायलट्स नोट्समधल्या आकड्यांशी जुळवून घ्या. बॉम्बसह वजन ५,१५१ किलो झाले की स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे ४.७ टक्क्यांनी वाढतो: १७३ चे १८१. कागदावर हा फरक किरकोळ दिसेल. पण सूर मारून बॉम्ब टाकण्याआधी स्टिक जोरात ओढणाऱ्या वैमानिकाला तो पुरता जाणवतो.

पंखाच्या पुढच्या कडेवर या विमानाला हँडली पेज स्लॅट, म्हणजे कमी वेगात उचल टिकवणाऱ्या उघडत्या पट्ट्या, होते. सेवेत ते नंतर बंद करून टाकण्यात आले. तुम्ही १९४२-४३ चे बॉम्बर रूप बनवत असाल तर स्लॅट उघडण्याचा कोड लिहू नका. सुरुवातीचे १९४० चे रूपही करायचे असेल तर त्याची एफएमडी वेगळी ठेवा.

इंजिनांची मर्यादा

पेरेग्रीन हे केस्ट्रेल इंजिनाचे पुढचे रूप. मर्लिनच्या तुलनेत ते लहान, सुमारे २१ लिटरचे. १९४० च्या संकटात रोल्स-रॉइसला सगळी ताकद मर्लिनकडे वळवायची होती आणि पेरेग्रीन मागे पडले. व्हर्लविंडचे उत्पादन थांबण्याचे मोठे कारण तेच.

सिम्युलेटरसाठी महत्त्वाचे हे की त्याचा सुपरचार्जर (उंचीवर इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) एकाच गतीचा होता. इंजिनाच्या फाईलमध्ये म्हणून एकच टप्पा लिहा आणि त्या टप्प्याच्या वर शक्ती सरळ घटू द्या. खेळातली दोन टप्प्यांच्या मर्लिनची फाईल नक्कल करून फक्त अश्वशक्ती बदलण्याचा मोह होईल. तसे केलेत तर तुमचे व्हर्लविंड २५,००० फुटांवर मेसरश्मिटशी बरोबरीने लढेल, जे खऱ्या व्हर्लविंडला कधीच जमले नाही. खाली, ढगांच्या बुडाशी, ते जलद आणि चपळ होते. उंचीवर ते हतबल होत असे. हा फरक खेळणाऱ्याच्या हाताला कळला पाहिजे.

प्रत्यक्ष स्क्वॉड्रनमध्ये गेलेल्या विमानांचे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत. त्यामुळे टेक-ऑफला विमान एका बाजूला ओढले जाते. ‘दोन इंजिने म्हणजे ओढ नाही’ असे गृहीत धरून फाईलमध्ये विरुद्ध दिशा लिहू नका.

पेट्रोलचे काम कोडमध्ये करावे लागेल. प्रत्येक पंखात ६७ गॅलनची टाकी होती आणि ती फक्त आपल्याच बाजूच्या इंजिनाला पुरवठा करी. डावे इंजिन बंद पडले तर डाव्या टाकीतले पेट्रोल निरुपयोगी. खेळ नेहमी सगळे पेट्रोल एकत्र धरतो. एक इंजिन बंद पडल्यावर वापरण्याजोगे पेट्रोल निम्मे करणारी अट विमानाच्या क्लासमध्ये, म्हणजे त्याच्या कोडच्या फाईलमध्ये, टाकली की काम भागते. दोन-तीन ओळींचा हा कोड इंग्लिश खाडीवरून एका इंजिनावर परतणाऱ्याचा सगळा प्रवास बदलून टाकतो.

थ्री-डी मॉडेल

मॉडेल ब्लेंडरमध्ये किंवा थ्री-डी-एस मॅक्समध्ये करा. दोन्हींसाठी ‘आयएल-२’च्या मेश (आकृतीच्या जाळीच्या) फायली आणण्या-नेण्याची साधने चाहत्यांनी बनवली आहेत. आकृती खऱ्या मापातच बांधा, एक एकक म्हणजे एक मीटर. प्रमाण शेवटी बदलायला गेलात तर हुक (तोफा-बॉम्ब जोडण्याच्या खुणा) आणि आघात-ठोकळे सगळे सरकतात.

व्हर्लविंडच्या आकारात तीन जागा अवघड आहेत. पहिली शेपूट: आडवे पंख उभ्या पंखावर उंच बसवलेले आहेत आणि जोडावर लांबट गोलाकार आवरण आहे. दुसरी रेडिएटर: ते इंजिनाखाली नाहीत, पंखाच्या पुढच्या कडेत, धड आणि इंजिनाच्या मध्ये आहेत. कितीतरी चित्रांत ही फट चुकीची दिसते. तिसरी, आणि सर्वात सुंदर, फ्लॅप. फाउलर पद्धतीचा हा मोठा फ्लॅप इंजिनाच्या आवरणाच्या मागच्या टोकासह खाली सरकतो. म्हणजे इंजिनाच्या आवरणाचे मागचे टोक फ्लॅपचा भाग म्हणूनच मॉडेल करायला हवे. रेडिएटरच्या झडपाही फ्लॅपशी जोडलेल्या होत्या. खेळात रेडिएटर आणि फ्लॅप वेगळे असतात. क्लासमध्ये त्यांना एकमेकांशी बांधा. मग खेळणाऱ्याला जमिनीवर इंजिन तापू नये म्हणून फ्लॅप खाली ठेवावे लागतील, जसे खऱ्या वैमानिकाला ठेवावे लागत.

मेशचे भाग खेळाने ठरवलेल्या नावांनीच तोडायचे असतात: नाक, मधले धड, डावा-उजवा पंख आत, मध्ये, बाहेर असा तीन तुकड्यांत, एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, दोन्ही इंजिने, थांबलेला पंखा आणि फिरणारा पंखा. ‘हिम’ नावाच्या फाईलमध्ये कोणता भाग कोणाला जोडलेला आहे ते लिहिलेले असते. खेळात आधीच असलेल्या मॉस्किटोची हिम फाईल उघडून तिचा सांगाडा समोर ठेवा. तेही दोन इंजिनांचे, धडाच्या पुढच्या भागात तोफा असलेले विमान, त्यामुळे नावे बहुतेक तीच लागतील.

प्रत्येक भागाच्या तीन-चार अवस्था लागतात: शाबूत, भोके पडलेला, फाटलेला आणि तुटल्यावर उरलेले टोक. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. या विमानाने जमिनीवरून होणाऱ्या माऱ्यात शिरून काम केले. त्याच्या पंखावर भोके दिसलीच पाहिजेत. दूरवरून दिसणाऱ्या कमी त्रिकोणांच्या आवृत्त्याही याच वेळी करून घ्या. सोळा विमानांची तुकडी एकदम आकाशात आली की त्यांचे महत्त्व पटेल.

आत न दिसणारे आघात-ठोकळे ठेवायचे असतात: इंजिने, दोन्ही टाक्या, वैमानिक, चिलखत, पंखाचे कणे. गोळी लागली की खेळ याच ठोकळ्यांना विचारतो. टाकीचा ठोकळा खऱ्या टाकीएवढाच ठेवा. तो मोठा झाला तर विमान ठिणगीसरशी पेटेल, लहान झाला तर अमर होईल.

तोफा आणि बॉम्ब

तोफांसाठी वेगळे काही बनवायला नको. हिस्पानो खेळात आहे. नाकाच्या मेशवर चार हुक बसवा, तोफेच्या नळीच्या टोकावर, दिशा नेमकी पुढे. प्रत्येक तोफेला ६० गोळ्यांचा ड्रम. हिस्पानो मिनिटाला सुमारे ६०० गोळे सोडते, म्हणजे सेकंदाला दहा. बोट दाबून ठेवले तर सहा सेकंदांत सगळे संपते. गोळ्यांची संख्या वाढवून ‘खेळ सोपा’ करण्याचा आग्रह कुणी ना कुणी धरेलच. त्याला ठाम नकार द्या. चारही तोफा एकाच ठिकाणी असल्याने गोळ्यांच्या वाटा किती अंतरावर एकत्र येतात याची नेम धरताना चिंता नाही आणि एका सेकंदात चाळीस गोळे एकाच जागी पडतात. ही ताकद आणि ही टंचाई एकत्रच अनुभवायची असते.

बॉम्बचे हुक पंखाखाली, इंजिनांच्या बाहेरच्या बाजूला. एक डावीकडे, एक उजवीकडे. रॅकचा लहान मेश वेगळा ठेवा आणि बॉम्ब टाकल्यावरही तो दिसत राहू द्या. त्याचा अवरोधही राहतो. शस्त्रसंचांची यादी छोटीच ठेवा: तोफा फक्त, दोन २५० पाउंडी, दोन ५०० पाउंडी आणि रिकामे. चार रॉकेट लावून पाहण्याचा मोह होईल, पण या विमानाची ओळख बॉम्बरचीच आहे.

क्लास आणि नोंदणी

खेळातली विमाने जावाच्या क्लासमध्ये लिहिलेली आहेत. दोन इंजिनांच्या विमानांचा पाया ‘स्कीम-टू’ नावाचा क्लास आहे. त्यावरून व्हर्लविंडचा क्लास बनवा आणि त्याला फायटर आणि स्टर्मोव्हिक (जमिनीवर हल्ला करणारे विमान) अशा दोन्ही ओळखी द्या. स्टर्मोव्हिक ही ओळख दिली की संगणकाचे वैमानिकही जमिनीवरच्या लक्ष्यांवर जायला तयार होतात. कंपाइल करताना जुन्या जावा १.३ शी जुळेल असे करा. नव्या जावाने थेट बनवलेला क्लास खेळ वाचत नाही. एफएमडी कुठे ठेवायची ते तुमच्या मॉड-पॅकवर, म्हणजे खेळात चाहत्यांनी घातलेल्या भरींच्या संचावर, ठरते. मूळ खेळात ती ‘बटन्स’ नावाच्या एकत्रित बंद फाईलमध्ये असते. नव्या मॉड-पॅकमधले एखादे अलीकडचे विमान उघडा आणि त्याच्या फोल्डरची रचना तशीच्या तशी ठेवा.

आता तीन नोंदी. ‘एअर’ नावाच्या आयएनआय फाईलमध्ये एक ओळ, ज्यात विमानाचे अंतर्गत नाव आणि त्याचा क्लास. विमानांच्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये यादीत दिसणारे नाव. शस्त्रांच्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये प्रत्येक शस्त्रसंचाचे नाव. तिन्ही ठिकाणी अंतर्गत नाव अक्षरन् अक्षर सारखे हवे, मोठे-लहान अक्षरसुद्धा. क्लासचे नाव वेगळे असले तरी चालते. अंतर्गत नाव चालत नाही. स्किनच्या फोल्डरलाही हेच नाव लागते. खेळ लोड होताना पट्टी मध्येच थांबली तर ‘एअर’मधल्या ओळीकडे आणि क्लासच्या नावाकडे आधी बघा. शस्त्रांच्या यादीत नावाऐवजी विचित्र अक्षरे दिसली तर शस्त्रांच्या फाईलमध्ये एखादी ओळ राहिली आहे. यादीतले नाव रोमनमध्येच लिहा. खेळाच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

बदल एकेक करा आणि प्रत्येक बदलानंतर खेळ चालू करून पाहा. पाच फायली एकदम बदलल्या की दोष शोधता येत नाही.

कॉकपिट हे स्वतंत्र मोठे काम आहे. आधी विमान फक्त संगणकाच्या वैमानिकांसाठी सोडा. त्यावर लोक मोहिमा बनवू लागले की कॉकपिटला हात घाला. दुसऱ्या कुणाचा कॉकपिट तात्पुरता वापरायचा असेल तर त्याची परवानगी घ्या आणि श्रेय स्पष्ट लिहा.

रंग

स्किनसाठी १०२४ बाय १०२४ पिक्सेलची, २५६ रंगांची बिटमॅप. १९४० ते १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत वर गडद हिरवा आणि तपकिरी, खाली फिकट निळसर-हिरवा ‘स्काय’. ऑगस्ट १९४१ पासून वर गडद हिरवा आणि समुद्री करडा, खाली मध्यम करडा, शेपटीजवळ ‘स्काय’चा पट्टा, पंखाच्या पुढच्या कडेवर पिवळी रेघ. बॉम्बर रूपाला यातला हा दुसरा संच लागेल. २६३ स्क्वॉड्रनची अक्षरे ‘एचई’, १३७ ची ‘एसएफ’. विमानांचे क्रमांक ‘पी’ पासून सुरू होतात. क्रमांक टाकण्याआधी ते विमान त्या स्क्वॉड्रनमध्ये त्या महिन्यात होते का ते तपासा; स्क्वॉड्रनच्या नोंदी यासाठीच गोळा केल्या आहेत.

उडवून मोजा

आता चाचणी. वारा बंद, ढग नाहीत, क्रायमियाचा नकाशा, पेट्रोल शंभर टक्के. एका उंचीवर विमान सरळ धरा आणि वेग वाढायचा थांबेपर्यंत वाट पाहा. यात दोन-तीन मिनिटे सहज जातात. समुद्रसपाटी, ५,०००, १०,०००, १५,०००, २०,००० आणि २५,००० फूट, दर ठिकाणी वेग नोंदवा. डिव्हाइसलिंक या खेळातल्या सोयीतून उड्डाणाचे आकडे थेट घेणारी छोटी साधने मिळतात. पडद्यावरच्या अंदाजापेक्षा ती बरी. कॉकपिटमधला वेग हा दर्शनी वेग असतो, अहवालातला खरा. १५,००० फुटांवर दोन्हींत मोठा फरक असतो, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर न केल्याने कित्येक चांगली फ्लाइट मॉडेल विनाकारण बिघडवली गेली आहेत.

१५,००० फुटांवर ५७९ आले पण खाली वेग जास्त निघाला, तर अवरोधाला हात लावू नका. इंजिनाचा टप्पा तपासा. सगळीकडेच वेग एकाच प्रमाणात चुकत असेल तर ‘सीएक्स-मिन’ बदला. फक्त वळताना विमान लवकर दमत असेल तर कोनाच्या वर्गाचा गुणांक. एका वेळी एकच.

पुढे चढाईचा वेळ, स्टॉल, एका इंजिनावर उड्डाण, आणि बॉम्बसह हे सगळे पुन्हा. संगणकाचे वैमानिक उतरताना आपटतात का ते पाहणे विसरू नका. व्हर्लविंडचा उतरण्याचा वेग जास्त होता, त्याला लांब धावपट्टी लागत असे. संगणकाचे वैमानिक उतरताना एफएमडीमधल्या वेगमर्यादा पाहतात. तिथे घाईत ठेवलेला लहान आकडा अख्खी तुकडी शेतात घालवतो.

मोहिमा

विमानासोबत दोन-तीन खऱ्या मोहिमा द्या, नाहीतर लोक ते बर्लिनवर उंच उडवत बसतील. १२ ऑगस्ट १९४१ ला ब्लेनहाइम बॉम्बर कोलोनजवळच्या वीज केंद्रांवर गेले. २६३ स्क्वॉड्रनची व्हर्लविंड त्यांच्यासोबत बेल्जियमपर्यंतच जाऊ शकली. पेट्रोलच्या मर्यादेवर बेतलेली यापेक्षा चांगली मोहीम सापडणार नाही. १२ फेब्रुवारी १९४२ ला जर्मन युद्धनौका खाडीतून निसटल्या तेव्हा १३७ स्क्वॉड्रनची चार व्हर्लविंड मेसरश्मिटांच्या तडाख्यात पडली. आणि २४ ऑक्टोबर १९४३ ला शेरबुर्ग बंदरात ‘म्युन्स्टरलांट’ जहाजावर २६३ ने बॉम्ब टाकले, विमानविरोधी तोफांच्या भयंकर माऱ्यातून. या शेवटच्या मोहिमेत बंदराभोवती तोफा कमी ठेवू नका. बॉम्ब सोडायचे आणि उत्तरेकडे वळायचे. तोपर्यंत चारही तोफांत बहुतेक काही उरलेले नसते.

मॉड देताना पॅकेटमध्ये वहीचा सारांशही ठेवा: कोणता आकडा कोणत्या अहवालातून आला, कोणता हिशेबाने काढला, कोणता अंदाजाने ठेवला. उद्या कुणाला क्यूमधून चांगला अहवाल मिळाला तर तो तुमची फाईल उघडून नेमकी ती ओळ बदलू शकेल.